जात्याआधीचा तकिया

औरंगाबादची पाणचक्की पाहून आलेल्या माणसाला विचारा, काय पाहिलंत? भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी, पाण्यातले मासे, दगडी जातं. आपण एका मठाचा भटारखाना पाहून आलो, असं कुणी म्हणत नाही. माझ्या मते मात्र खरी गोष्ट तीच आहे.

औरंगजेबाच्या दख्खनच्या स्वाऱ्यांत तुराणी, म्हणजे मध्य आशियातून आलेले, शिपाई पुष्कळ होते. त्यांच्यामागोमाग त्यांचे पीरही आले. बाबा शाह पलंगपोश गाझीउद्दीन खान फिरोजजंगाच्या फौजेबरोबर हिंडत. पलंगपोश म्हणजे बिबट्याचं कातडं पांघरणारा. त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर. नाव मुसाफिर, पण बस्तान बसवलं ते यांनीच! औरंगाबादेत खाम नदीकाठी त्यांचा तकिया, म्हणजे नक्शबंदी सूफींचा मठ, उभा राहिला. पलंगपोश १६९९ मध्ये गेले, मुसाफिर १७१५च्या सुमारास. पुढचे गादीवारस शाह महमूद यांनी दोघांच्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या. ‘मलफूजात-ए-नक्शबंदिया’ हा तो ग्रंथ. सायमन डिग्बी यांनी त्याचं इंग्रजी केलं, त्यामुळे फारसी न येणाऱ्यांनाही या तकियाच्या आत डोकावता येतं.

तकिया म्हटला की फकीर आले, वाटसरू आले, पंगत आली, आणि पंगतीला पीठ लागतं. निजामुल्मुल्काच्या पदरच्या तुर्कताझ खानाने १७४४च्या सुमारास हर्सूलच्या बाजूने नहर आणली. कित्येक किलोमीटर जमिनीखालून मातीचे नळ, मधूनमधून चुन्याचे मनोरे. उताराच्या जोरावर पाणी आवारातल्या उंच भिंतीवर चढतं आणि हौदात पडतं. त्याचीच एक धार जात्याखालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते; चाकाचा उभा दांडा वरची तळी फिरवतो. ना बैल, ना माणूस. मशिदीसमोरचा लांबरुंद हौद आणि कारंजी वीसेक वर्षांनी जमील बेग खानाने बांधली. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. जाड खांबांच्या त्या दालनात भर उन्हाळ्यात उतरून पाहा: बाहेर मराठवाड्याचं ऊन, आणि इथे डोक्यावर तुडुंब पाणी.

१७६३ मध्ये निजामाची राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली आणि शहराचा दिमाख ओसरला. तकिया टिकला. माझा कयास असा, की सरदारांच्या हवेल्या दरबारावर जगत होत्या आणि हा दानावर. खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. पाणचक्की पाणचक्कीच राहिली. नाव मात्र जात्याने बळकावलं.

नहरीची स्थिती बरी नाही. वरून वस्ती वाढली, पाया खणताना जुने नळ फुटतात, आणि एका जागी फुटलं की इथे धार बारीक होते. आवारातच राज्य वक्फ मंडळाचं कार्यालय आहे. तुर्कताझ खानासारख्यांनी दिलेल्या जमिनी-इमारतींची प्रकरणं तिथे चालतात, आणि सुट्टीच्या दिवशी मुसाफिरांच्या दर्ग्यापेक्षा जात्यापुढेच गर्दी असते.