गच्चीवर पवनचक्की बसवावी का?

तिरुनेलवेलीहून नागरकोइलकडे निघालेली गाडी मुप्पंदलजवळ आली की खिडकीशी बसलेली मुले पवनचक्क्या मोजू लागतात आणि थोड्याच वेळात मोजणे सोडून देतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर उंच मनोरे आणि संथ फिरणारी पांढरी पाती! सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवर आणि धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल परिसरातही असेच दृश्य दिसते. मग घरी आल्यावर विजेचे बिल हातात पडते आणि मनात येते, 'वारा तर आपल्या गच्चीवरही येतो. एक छोटी पवनचक्की बसवली तर?'

उत्तर शोधण्याआधी हे यंत्र चालते कसे, ते पाहू.

वाऱ्याची वीज कशी होते?

वारा पात्यांना नुसता ढकलतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पात्याचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. वारा त्यावरून वाहताना एका बाजूला हवेचा दाब कमी होतो, दुसऱ्या बाजूला जास्त राहतो आणि या फरकामुळे पाते फिरू लागते. मोठी पवनचक्की मिनिटाला साधारण दहा-पंधरा फेरेच घेते. वीज तयार करणाऱ्या जनित्राला मात्र बहुधा हजाराहून अधिक फेरे लागतात. हा वेग वाढवण्याचे काम मनोऱ्याच्या माथ्यावरील पेटीतला गिअरबॉक्स करतो.

वाऱ्याची दिशा बदलली की ही पेटी मोटरच्या साहाय्याने तिकडे तोंड वळवते. वारा ताशी बारा-चौदा किलोमीटरच्या आसपास वाहू लागला की वीज मिळू लागते. वादळात पवनचक्की भरपूर वीज देत असेल, असे वाटते ना? पण ताशी नव्वद किलोमीटरच्या सुमारास बहुतेक यंत्रे पाती वळवून स्वतःला थांबवतात, नाहीतर मोडतोड व्हायची.

दुप्पट वारा, आठपट वीज

सगळ्यात महत्त्वाचे गणित पुढेच आहे. पात्यांची लांबी दुप्पट केली तर वीज चौपट मिळते. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाऱ्यातली ऊर्जा आठपट होते. उलट वेग निम्मा झाला तर हाती आठवा हिस्साच उरतो. म्हणूनच जागेला इतके महत्त्व. मुप्पंदलजवळ सह्याद्रीच्या रांगेत खिंड आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा त्या अरुंद वाटेतून दाटून, वेगाने बाहेर पडतो.

वाऱ्यातली सगळी ऊर्जा मात्र कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. ही मर्यादा ५९.३ टक्के आहे, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले.

प्रकार कोणकोणते?

आडव्या आसाची : आपण डोंगरावर पाहतो ती तीन पात्यांची. वीजनिर्मितीसाठी हीच सर्वाधिक वापरली जाते. काहींत गिअरबॉक्स नसतो, त्याऐवजी संथ फिरणारे मोठे जनित्र असते.

अनेक पात्यांची : संथ फिरते, पण जोर लावते. विहिरीचे पाणी उपसायला उपयोगी.

उभ्या आसाची : हिचे दोन मुख्य प्रकार. सॅव्होनियस म्हणजे उभे चिरलेल्या पिंपाचे दोन अर्धे भाग सरकवून जोडल्यासारखी. कमी वाऱ्यातही फिरते, पण वीज थोडी देते. डॅरियस म्हणजे अंडी फेटायच्या फेटणीसारखी दिसणारी. कार्यक्षमता बरी, पण अनेकदा सुरू करायला मदत लागते. दोन्हींना कोणत्याही दिशेचा वारा चालतो.

भारतातली पहिली पवनऊर्जा केंद्रे १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिनला उभी राहिली, तेव्हाची यंत्रे ५५ किलोवॅटची होती. आज एकेक यंत्र तीन मेगावॅटचे, म्हणजे पन्नासपटींहून मोठे असते. देशाची पवनऊर्जा क्षमता २०२५ मध्ये ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली.

मग गच्चीचे काय?

समजा, दोन मीटर व्यासाची पवनचक्की घेतली आणि वारा सतत ताशी चौदा किलोमीटरने वाहिला. सुमारे ३५ वॅट मिळतील. दिवसभरात एक युनिटही पूर्ण होणार नाही! फ्रिज, पंखे, टीव्ही असलेल्या घराला चार-पाच युनिटे सहज लागतात. शिवाय शहरात शेजारच्या इमारती, पाण्याच्या टाक्या, झाडे यांमुळे वारा तुटक आणि भोवऱ्यासारखा येतो. यंत्राची थरथर स्लॅबमध्ये उतरते ती वेगळीच.

समुद्रकाठी किंवा उघड्या माळावर घर असेल तर गोष्ट निराळी. तिथे सौर पॅनेलच्या जोडीला छोटी पवनचक्की उपयोगी पडते, कारण पावसाळ्यात ऊन कमी असते तेव्हाच वारा जोरात असतो.

विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा :

• माहितीपत्रकावरील किलोवॅटचा आकडा साधारणपणे ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्याचा असतो. 'ताशी पंधरा किलोमीटरला किती वीज मिळेल?' असे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

• चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने तयार केलेल्या नकाशात आपला परिसर पाहा.

• जिथे यंत्र बसवायचे तिथे, त्याच उंचीवर, शक्यतो वर्षभर वाऱ्याचा वेग मोजा.

• देखभाल कोण करणार आणि सुटे भाग कुठे मिळणार, हे आधीच ठरवा.

वारा फुकट आहे, यंत्र नाही. तेव्हा आधी वारा मोजा, मग पैसे.