रोशा गवत : खत व्यवस्थापन

रोशा गवत : (तिखाडी, हिं. रूसा, लॅ. सिंबोपोगॉन मार्टिनाय, कुल-ग्रॅमिनी). बाष्पनशील तेलासाठी उपयुक्त असे हे बहुवर्षायू गवत कोरड्या उष्ण प्रदेशांत वाढते. त्याचे ‘मोतिया’ व ‘सोफिया’ असे दोन प्रकार असून गुलाबासारख्या वासाचे रोशा तेल मोतियापासून मिळते. जिरॅनिऑल हा त्याचा मुख्य घटक होय. पूर्वी खानदेशात काढलेले हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. रानातील गवतावर तेलाचा धंदा चालत होता तोवर खताचा प्रश्न उद्‌भवला नाही; पद्धतशीर लागवडीत मात्र तो महत्त्वाचा ठरतो.

अन्नद्रव्यांची गरज : जिरॅनिऑल कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचेच बनलेले असल्याने तेलाबरोबर जमिनीतील अन्नद्रव्ये जात नाहीत, ती कापलेल्या गवताबरोबर जातात. त्यांत नायट्रोजन व पोटॅश यांचे प्रमाण अधिक असते. एकाच लागवडीतून काही वर्षे कापण्या घेतल्यास आणि भरपाई न केल्यास ठोंब खुरटतात व फुटवे कमी होतात.

मात्रा व वेळ : लागवडीपूर्वी हेक्टरी सु. १० टन शेणखत वा कंपोस्ट जमिनीत मिसळतात. फॉस्फरस व पोटॅश प्रत्येकी सु. ४० किग्रॅ. लागवडीच्या वेळी देतात, याकरिता सु. २५० किग्रॅ. सिंगल सुपरफॉस्फेट व ६७ किग्रॅ. म्युरेट ऑफ पोटॅश लागते. नायट्रोजन कोरडवाहू पिकास सु. ४० किग्रॅ. (सु. ८७ किग्रॅ. यूरिया) पुरतो, ओलिताखाली त्याहून दुप्पट वा अधिक मात्रा मानवते. तो एकदम न देता लागवडीनंतर व प्रत्येक कापणीनंतर वरखत म्हणून विभागून देतात. माती परीक्षणानुसार या मात्रांत फेरफार करणे इष्ट असते.

कोरडवाहू शेतीत ओलावा नसताना दिलेला यूरिया मुळांपर्यंत पोहोचत नाही. चुनखडीयुक्त जमिनीत पृष्ठभागावर राहिल्यास त्यातील बराच नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जातो. म्हणून पावसाच्या सरीनंतर पुरेशी ओल पाहूनच वरखत द्यावे आणि ते मातीआड करावे. पाऊस लांबल्यास हप्ता पुढे ढकलणे वा टाळणे हिताचे. अन्यथा खताचा खर्च वाया जातो आणि कोरडवाहू शेतकऱ्यास तो सोसणे कठीण असते. भारतात २०१५ पासून यूरियाला निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे करण्यात आले. त्यामुळे नायट्रोजन जमिनीत सावकाश उपलब्ध होतो.

अतिरेकाचे परिणाम : तेल मुख्यतः फुलोरा व पाने यांत असते, दांड्यांत ते नगण्य असते. नायट्रोजन प्रमाणाबाहेर दिल्यास दांडे वाढतात, गवत लोळते आणि गवताचे वजन वाढले तरी तेल त्या प्रमाणात वाढत नाही. ऊर्ध्वपातनासाठी लागणारे जळण व मजुरी मात्र वाढते. यास्तव खताचा लाभ गवताच्या वजनावरून न ठरविता हेक्टरी तेलावरून ठरवावा.

सूक्ष्म अन्नद्रव्ये : चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या न्यूनतेने कोवळी पाने पिवळी पडतात, त्यावर फेरस सल्फेटाच्या विरल विद्रावाची फवारणी करतात. जस्ताची न्यूनता असल्यास झिंक सल्फेट जमिनीत देतात.

चोथ्याचा उपयोग : तेल काढल्यावर उरलेला चोथा बहुधा भट्टीतच जाळतात. त्याच्या राखेत पोटॅश टिकते, परंतु नायट्रोजन नष्ट होतो. चोथ्याचे कंपोस्ट करून वा ओळींमध्ये आच्छादन म्हणून तो पसरून शेतास परत दिल्यास अन्नद्रव्यांची बरीच भरपाई होते व ओलही टिकते.

[⟶ खते; गवती चहा; तेले, बाष्पनशील].