छोटा सेन्सर, मोठी भटकंती

जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले आणि त्यांतले बहुतेक खिशात मावणारे कॉम्पॅक्ट होते. २०२३ मध्ये लेन्स न बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचा आकडा जेमतेम १७ लाखांवर आला. मधल्या काळात फोनने काय केलं ते सांगायला नको. तरीही कपाटाच्या कप्प्यात एखादा जुना कॉम्पॅक्ट पडून असलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझा मात्र अजून पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असतो आणि दर मोसमात कुठे ना कुठे बाहेर पडतो. या भटकंतीतून एक गोष्ट पक्की झाली. कॉम्पॅक्टचे गुण आणि त्याचे दोष एकाच कारणातून येतात, ते म्हणजे त्याचा चिमुकला सेन्सर. हे कारण समजलं की कॅमेरा कुठे न्यायचा आणि कुठे नाही, हे आपोआप कळतं.

हौशी छायाचित्रणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने वैद्य, पण या सोसायटीतले नावाजलेले छायाचित्रकार. त्या काळी हा छंद अर्थातच मूठभरांचा होता. कोडॅकने १९०० मध्ये एका डॉलरला ब्राउनी कॅमेरा काढला आणि तो सर्वसामान्यांपर्यंत पोचला. आपल्याकडे हे काम आग्फा क्लिक थ्रीने केलं. १२० च्या रोलवर चौकोनी १२ फोटो निघत आणि त्यांतला एकही वाया घालवायची सोय नसे. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, तेव्हा एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. मागच्या पडद्यावर चित्र दाखवणारा कॅसिओचा क्यूव्ही-१० हा १९९५ मधला. आजचा कॉम्पॅक्ट हा या सगळ्यांचा वारसदार.

सेन्सरचं गणित

नेहमीच्या कॉम्पॅक्टमधला सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान असतो. व्यावसायिकांच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात फरक सुमारे ३० पट. तेवढाच प्रकाश कमी गोळा होतो, म्हणून संध्याकाळ झाली आणि आयएसओ वाढवला की चित्रात रवाळ ठिपके उठतात.

फायदाही इथूनच सुरू होतो. सेन्सर लहान म्हणून लेन्सचं खरं नाभीय अंतरही लहान, आणि त्यामुळे पुढच्या-मागच्या गोष्टी एकाच वेळी रेखीव येतात. कॉम्पॅक्टवर एफ २.८ ठेवून जितकी खोली स्पष्ट येते, तितकी फुल फ्रेमवर मिळवायला जवळजवळ एफ १६ पर्यंत जावं लागतं. चेहऱ्यामागची पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळवायची असेल तर हा कॅमेरा कामाचा नाही. बारीक फूल टोकापासून देठापर्यंत स्पष्ट हवं असेल तर त्याच्याइतका सोपा कॅमेरा नाही.

स्पष्टता आणखी वाढेल या आशेने एफ ८ लावलं की चित्र उलट मऊ पडतं. बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो. एफ ८ ला त्याचा ठिपका साधारण ११ मायक्रॉनचा होतो, आणि १६ मेगापिक्सेलच्या छोट्या सेन्सरवर एकेक पिक्सेल दीड मायक्रॉनहूनही लहान असतो. म्हणून कॉम्पॅक्टवर भोक शक्यतो मोठंच ठेवावं.

कासच्या पठारावर

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तिथे जाणारे बहुतेक जण तेरड्याचे गुलाबी आणि सोनकीचे पिवळे गालिचे टिपतात. कॉम्पॅक्टवाल्याने मात्र खाली वाकावं. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती. पहिलीच्या मुळांशी सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात, तर दुसरीच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब लागलेले असतात. अशा विषयांसाठी कॉम्पॅक्टचा मॅक्रो अगदी नेमका. बरेच कॅमेरे झूम पूर्ण मागे असताना एक ते पाच सेंटीमीटरवरूनही फोकस करतात. त्यामुळे पुढे दवबिंदूचे थेंब आणि मागे पठार व ढग असं चित्र एकाच चौकटीत येतं. मोठ्या कॅमेऱ्याला त्यासाठी खास लेन्स लागते.

अडचण एकच, इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याची सावली फुलावर पडते. पांढऱ्या कागदाचा तुकडा फुलाच्या सावलीच्या बाजूला धरला की काम भागतं. आखलेली वाट मात्र सोडायची नाही. फोटोसाठी टाकलेला एक पाय कितीतरी रोपटी चिरडतो, त्यामुळे वाटेच्या कडेला जे आहे त्यावर समाधान मानावं. तिथेही भरपूर असतं.

धुक्यात कॅमेरा हमखास फसतो. समोरचं सगळं मध्यम करडं असावं असं मोजमापक धरून चालतो आणि पांढरं धुकं मळकट करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक केलं की धुकं पुन्हा पांढरं होतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हीच युक्ती लागते. सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत ढग असले की तिथे कधीकधी इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण वर्तुळाचं रंगीत वलय दिसतं. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावर १८३५ मध्ये जे लिहिलं, त्यात अशा वर्तुळांची नोंद आहे. हे वलय प्रत्येकाला स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. कॅमेरा छातीशी धरून काढलेल्या फोटोत त्याचं केंद्र डोक्याच्या नाही, कॅमेऱ्याच्या सावलीवर येतं. हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

लेण्यांतला अंधार

भाजे आणि कार्ले या दोन्ही लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी तिथे जाणाऱ्याला चैत्यगृहात अंधार मिळतो, दुपार कलल्यावर जाणाऱ्याला आतपर्यंत उजेड. तरीही छोट्या सेन्सरला तो पुरत नाही आणि फ्लॅश मारला तर दगडाचे सगळे उठाव सपाट होतात. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाईला परवानगी लागते. माझ्याकडे त्यावर तांदळाची पुरचुंडी असते. ती कट्ट्यावर ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा, आयएसओ सगळ्यात कमी, शटर काही सेकंद आणि दोन सेकंदांचा टायमर. बटण हाताने दाबताना बसणारा हादरा टायमरमुळे टळतो. कार्ल्याच्या छतातल्या जुन्या लाकडी कमानी अशा फोटोत रेषेनरेषेने उठतात.

कॅमेरा हातातच धरायचा असेल तर एकाच दृश्याचे चार फोटो घेऊन ते संगणकावर एकमेकांवर बसवून सरासरी काढावी. ठिपके निम्म्यावर येतात. सोळा फोटोंना ते पाव होतात. आजचे फोन अंधारात हेच करतात, फक्त आपल्याला न सांगता.

पक्षी आणि चंद्र

उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. नावाडी होडीतून बेताच्या अंतरापर्यंत नेतात. इथे कॉम्पॅक्टची परीक्षा असते. त्याचा ऑटोफोकस लेन्स पुढेमागे करून सर्वांत स्पष्ट जागा शोधतो, त्यात वेळ जातो आणि पक्षी उडून जातो. उपाय जुनाच आहे. बटण अर्धं दाबून आधी फोकस पकडून ठेवायचा आणि थवा त्याच अंतरावर आला की पूर्ण दाबायचं. उडणाऱ्या पंखांना शटर एक हजारांश सेकंदाचं तरी हवं. डिजिटल झूम बंदच ठेवावा, कारण तो चित्र कापून फुगवतो, नवा तपशील देत नाही.

झूम कमी पडला तर दुर्बिणीच्या नेत्रिकेला कॅमेरा लावून फोटो घेता येतो. मलेशियाचे पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ च्या सुमारास निकॉनचा छोटा कूलपिक्स ९५० दुर्बिणीला लावून जी चित्रं काढली, त्यांनी या पद्धतीला जगभर चाहते मिळवून दिले. कॉम्पॅक्टची लेन्स लहान असल्यामुळे ती नेत्रिकेशी चांगली जुळते.

चंद्रासाठी गावाबाहेर जायचीही गरज नाही. सेन्सरवर चंद्राचं चित्र लेन्सच्या खऱ्या नाभीय अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाइतकं पडतं. २० पट झूमच्या कॉम्पॅक्टचं ते अंतर ९० मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे चंद्र जेमतेम ०.८ मिलिमीटरचा. सेन्सर लहान असल्याने एवढ्यानेही चौकटीच्या उंचीचा साधारण सहावा हिस्सा भरतो. ऑटोवर तो पांढरा गोळा येतो, कारण कॅमेरा काळं आकाश उजळायला जातो. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक, हे लक्षात ठेवून आयएसओ १००, एफ ५.६ आणि पौर्णिमेला चारशेवा अंश सेकंद इथून सुरुवात करावी. विवरं पाहायची असतील तर पौर्णिमेपेक्षा शुद्ध अष्टमी बरी. प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात. त्या दिवशी शटर शंभराव्या अंशापर्यंत आणावं.

घरबसल्या प्रयोग

बऱ्याच चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्याच आत असतं. त्यामुळे हजारांश सेकंदालाही फ्लॅश चालतो, जो मोठ्या कॅमेऱ्यात साधारण अडीचशेव्या अंशापलीकडे सहज जमत नाही. भर दुपारी जास्वंदीवर या वेगाने फ्लॅश टाकला की फूल उजळतं आणि मागचं ऊन काळवंडतं.

जुना कॅनन पॉवरशॉट असेल तर सीएचडीके नावाची मोफत प्रणाली मेमरी कार्डावरून चालवता येते. ती कॅमेऱ्यात कायमचा बदल करत नाही. दर ठरावीक सेकंदांनी फोटो, रॉ फाइल आणि हालचाल दिसताच आपोआप क्लिक अशा सोयी ती देते. शेवटच्या सोयीवर वळवाच्या पावसातली वीज टिपता येते. तो प्रयोग घरात बसून, खिडकीच्या आतूनच करावा.

टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबलं आणि पडद्यावर त्याचा दिवा चमकताना दिसला, तर आपला कॅमेरा थोडे अवरक्त किरण पाहू शकतो. ७२० नॅनोमीटरचा गडद फिल्टर लावून, काही सेकंदांचं शटर ठेवून उन्हातलं झाड टिपलं तर पानं बर्फासारखी पांढरी येतात, कारण पानांच्या आतल्या पेशी हे किरण परत फेकतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी अशी चित्रं १९१० मध्येच प्रसिद्ध केली होती.

दिवाळीत काय कराल?

आवराआवरीत जुना कॉम्पॅक्ट हाती लागला तर आधी बॅटरी पाहा. फुगली असेल तर चार्ज न करता ई-कचऱ्यात द्या. ठीक असेल तर सूर्यास्तानंतर, आकाशात निळसरपणा असताना आकाशकंदील टिपा. काळोख दाटल्यावर कंदील आणि घर एकत्र नीट येत नाहीत. मुलांच्या हातात फुलबाजी द्या, कॅमेरा स्थिर ठेवा, शटर चार सेकंद करा आणि त्यांना हवेत नाव लिहू द्या. समुद्रकिनारी नेलात तर वाऱ्यात लेन्स उघडू नका, वाळूचा कण आत गेला की झूमची चाकं अडकतात. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी लागते.

नवा घ्यायचाच असेल तर मेगापिक्सेल विचारू नका, सेन्सरचा आकार विचारा. सोनीच्या २०१२ च्या आरएक्स१०० पासून एक इंची म्हणवले जाणारे, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचे सेन्सर खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत आले. ते क्षेत्रफळात साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट. पण त्याआधी हातातल्या कॅमेऱ्याने एक पावसाळा आणि एक हिवाळा काढा आणि तो कुठे कमी पडला ते वहीत लिहून ठेवा. त्या यादीतली जी मर्यादा तुमचा फोटो खरोखर अडवते, तेवढ्यासाठीच पैसे मोजा.