नांगर अडीच किलोमीटर उडाला

१६ एप्रिल १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ या फ्रेंच जहाजातून धूर निघू लागला. आत सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होते, खत म्हणून युरोपला निघालेले. माल भिजून वाया जाऊ नये म्हणून पाण्याऐवजी झाकणे लावून आत वाफ सोडण्यात आली. उष्णता कोंडली. धूर नारिंगी झाला आणि तो रंग पाहायला धक्क्यावर गर्दी जमली, पोरेटोरेसुद्धा. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज फुटले. किमान ५८१ माणसे गेली. गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातल्या २८ पैकी २७ जवान त्यांत होते. जहाजाचा दीड-दोन टनांचा नांगर अडीच किलोमीटरहून अधिक दूर जाऊन जमिनीत रुतला.

मुंबईकरांना हे चित्र ओळखीचे वाटेल. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटले, तेव्हा जहाजातली सोन्याची वीट मैलभरापलीकडच्या एका घराचे छप्पर फोडून आत पडली होती.

हवेचा दाब आणि उडणारे तुकडे यांची चाल वेगळी असते, हे नीट समजून घ्यायला हवे. दाब अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. स्फोटके आठपट केली तरी तोच दाब पोहोचण्याचे अंतर साधारण दुप्पटच होते. तुकड्यांचे गणित निराळे. रोनाल्ड गर्नी यांनी १९४३मध्ये मेरीलँडमधल्या ॲबरडीन येथे त्यांच्या सुरुवातीच्या वेगाचे सूत्र मांडले: धातूच्या वजनाच्या मानाने स्फोटक जितके जास्त, तितका वेग जास्त. बॉम्बच्या कवचाचे तुकडे सेकंदाला एक-दोन किलोमीटर वेगानेही सुटतात. आवाज ऐकून खाली वाकू म्हणणाऱ्यापर्यंत ते आवाजाआधी पोहोचू शकतात. पुढे हवा त्यांना अडवते. हलका, चपटा तुकडा लवकर थकतो. जड तुकडा वेग राखून फार लांब जातो.

मातीचा बांध जमिनीलगत येणारे वेगवान तुकडे थोपवतो, पण उंच उडून वरून पडणाऱ्यांपुढे त्याचा उपयोग नाही. म्हणून अंतराला पर्याय नाही. अमेरिकी संरक्षण खाते ७९ ज्यूल ऊर्जेचा तुकडा घातक धरते. म्हणजे साधारण आठ किलोचे ओझे एक मीटरवरून पडावे इतकी ऊर्जा. असा तुकडा ५६ चौरस मीटरला एकापेक्षा जास्त पडणार नाही, ते अंतर चालेल असे मानतात. ‘सुरक्षित’ अंतरावर काहीच येणार नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. शोभेच्या दारूकामासाठीही तिथे ढोबळ नियम आहे: गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे ७० फूट. सहा इंची गोळ्यापासून प्रेक्षक ४२० फूट लांब हवेत.

नियम असूनही १७ एप्रिल २०१३ला टेक्सासमधल्याच वेस्ट गावी खताचे कोठार पेटले. आग दिसल्यापासून वीसेक मिनिटांतच स्फोट झाला. १५ मृतांपैकी १२ जण आग विझवायला, मदतीला धावलेले होते. सहासष्ट वर्षांनी तोच पदार्थ आणि तीच हानी, हे मला अक्षम्य वाटते.

स्फोटके भरलेला ट्रक वा वाघीण पेटली, तर अमेरिकेतल्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत १,६०० मीटरपर्यंत माणसे हटवायला सांगितले आहे. एवढे अंतर गाठायला चालत वीस मिनिटे लागतात. तेव्हा रासायनिक गोदाम किंवा फटाक्यांचे दुकान पेटलेले दिसले, तर मोबाइलवर चित्रण करत थांबू नका. लगेच निघा, इतरांनाही न्या. घराबाहेर पडता येत नसेल तर खिडकीपासून दूर, भिंतीआड बसा. दूरवर लखलखाट दिसला, तर आवाजाची वाट न पाहता काचेपासून बाजूला व्हा.