आठ मिनिटं

शेजारच्या गरोदर मुलीच्या रिपोर्टवर 'आरपीआर रिॲक्टिव्ह' असं आलं, म्हणजे सिफिलिसचा संशय. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलेना. पुढच्या तपासणीत कळलं की तिला तो आजार नव्हताच. मग रिॲक्टिव्ह आलं ते कशाला? हे बघायला मी एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये जाऊन बसलो.

नोंदणी झाली, सीरम निघालं. टेक्निशियन ताईंनी पांढऱ्या कार्डावरच्या गोलात सीरम पसरलं, त्यावर काळ्या अँटिजेनचा थेंब सोडला आणि कार्ड रोटेटरवर ठेवलं. मिनिटाला 100 फेरे, आठ मिनिटं. "आठ म्हणजे आठच. जास्त झालं की सुकतं, मग नसलेलं दिसायला लागतं."

काळा रंग कोळशाच्या भुकटीचा. खरा माल त्यातलं कार्डिओलिपिन. 1906 साली वासरमन यांनी सिफिलिसच्या चाचणीसाठी त्याच आजारानं ग्रस्त अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला होता. पुढे निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही चालतो असं दिसलं आणि 1941 साली मेरी पँगबॉर्न यांनी गोवंशाच्या हृदयातून हे लिपिड वेगळं काढलं. म्हणजे जंतू पकडणाऱ्या चाचणीत जंतूच नाही!

हेच लिपिड आपल्या मायटोकॉन्ड्रियातही असतं, एरवी आतल्या पडद्यात झाकलेलं. संसर्गात पेशी फुटतात, ते उघड्यावर येतं; जंतूंकडेही तसली लिपिडं असतात. नुसतं लिपिड प्रतिकारशक्तीला सहसा जागं करत नाही. प्रथिनाच्या जोडीनं आलं की मात्र बी-पेशी त्याची दखल घेऊन अँटिबॉडी बनवतात. मलेरियात, कुष्ठरोगात, ल्युपसमध्ये, क्वचित नुसत्या गरोदरपणातही त्या सापडतात. मोडतोड झाली एवढंच त्या सांगतात. चोराचं नाव त्यांना ठाऊक नसतं. रिपोर्टवरचा तो एकटा शब्द मात्र नाव घेतल्यासारखाच वाचला जातो.

आठ मिनिटं झाली. बाकीचे गोल एकसारखे राखाडी होते. एकात काळे कण गोळा झालेले, खसखशीएवढे. ताईंनी कार्ड उजेडात तिरकं धरून दोनदा पाहिलं. मग ते सीरम दुप्पट, चौपट पातळ करून पुन्हा फिरवलं. पुन्हा आठ मिनिटं. दुपटीला कण दिसले, चौपटीला नाहीत.

रजिस्टरात त्यांनी पेन्सिलीनं '1:2' लिहिलं. थेट जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या टीपीएचएसाठी त्या बाईचा नमुना बाजूला काढला.

"पेन्सिल का?"

"बाहेर तिची सासू बसलीय," ताई म्हणाल्या आणि रजिस्टर मिटलं.