निरपराध्यास शिक्षा : अॅडॉल्फ बेकचा खटला

कोर्टाच्या कादंबऱ्यांत निरपराध मनुष्यास तुरुंगांत लोटणारा कोणी खलपुरुष हटकून असतो. खोटा साक्षीदार असतो, नाहीं तर लांच खाल्लेला फौजदार. आज सांगावयाच्या हकीकतींत तसा कोणीच नाहीं, आणि तेंच तिच्यांतील भयंकर आहे.

१८९५ सालच्या डिसेंबरांत लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका बाईनें अॅडॉल्फ बेक या प्रौढ नॉर्वेजियन गृहस्थास अडविलें. सरदार असल्याची बतावणी करून यानेंच आपले दागिने लांबविले, असें तिचें म्हणणें. बेक स्वतःच पोलिसाकडे तक्रार घेऊन गेला. अटक मात्र त्यालाच झाली. मग तशाच फसलेल्या इतर स्त्रिया आल्या व एकीमागून एकीनें त्याच्याकडे बोट दाखविलें. त्या खोटें बोलत नव्हत्या. फसल्याची चीड खरी होती आणि समोर जवळजवळ तसाच चेहरा होता; मनुष्याची खात्री पटावयास एवढें पुरतें. एका निवृत्त पोलिसानें तर सांगितलें कीं, १८७७ सालीं याच प्रकारच्या फसवणुकीबद्दल पकडलेला जॉन स्मिथ तो हाच.

येथें बेकच्या वकिलास हुकमाचें पान सांपडलें. १८७७ सालीं बेक दक्षिण अमेरिकेंत, पेरू देशांत होता. जुनीं व नवीं पत्रें एकाच हातचीं, असें सरकारपक्षाच्याच हस्ताक्षरतज्ज्ञाचें मत होतें. म्हणजे बेक हा स्मिथ नव्हे एवढें ठरलें कीं तो सुटला! परंतु १८७७ चा प्रश्न प्रस्तुत खटल्याबाहेरचा म्हणून न्यायाधीशांनीं तो पुरावाच येऊं दिला नाहीं. जुनी शिक्षा ज्यूरीपुढें येऊं नये हा नियम वस्तुतः आरोपीच्या रक्षणासाठीं. तो येथें त्याच्याच मुळावर आला. हे न्यायाधीश सर फॉरेस्ट फुल्टन. १८७७ च्या खटल्यांत सरकारी वकीलही तेच होते. मार्च १८९६ मध्यें बेकला सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

पोर्टलंडच्या तुरुंगांत त्याला स्मिथचाच जुना क्रमांक मिळाला, डी ५२३, आणि पूर्वीं शिक्षा भोगलेल्याची खूण म्हणून डब्ल्यू हें अक्षर. दुसऱ्याच्या क्रमांकाला आपण ओ द्यावयाची! अर्जांमागून अर्ज गेले. १८९८ सालीं जुन्या नोंदींवरून दिसून आलें कीं, स्मिथ यहुदी असून त्याची सुंता झालेली होती; बेकची झालेली नव्हती. मग काय झालें? डब्ल्यू काढून टाकलें. मनुष्य १९०१ पर्यंत आंतच राहिला.

१९०४ सालीं पुन्हा तोच आरोप, तशीच ओळख, तोच ज्यूरीचा निर्णय. मात्र न्यायमूर्ती ग्रँथम यांना शंका येऊन त्यांनीं शिक्षा लांबणीवर टाकली. बेक कोठडींत असतांनाच बाहेर आणखी एक तशीच फसवणूक झाली आणि खरा स्मिथ सांपडला. बेकला 'माफी' मिळाली (न केलेल्या गुन्ह्याची!), आणि आधीं २००० पौंड देऊं केलेली भरपाई लोकक्षोभामुळें ५००० झाली.

इंग्लंडांत तोंवर दोषी ठरलेल्यास वस्तुस्थितीवर अपील करण्याची सोयच नव्हती. आपल्याकडे मात्र १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यानें अपिलाची वाट घालून दिली होती. इंग्लंडचें फौजदारी अपील कोर्ट १९०७ च्या कायद्यानें निघालें. त्यानंतर दोन वर्षांनीं, १९०९ सालीं, बेक वारला.