ओल्या मातीतील सोने

जून महिन्यात आपल्याकडे पावसाळ्याला आरंभ होतो, त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात हिवाळा सुरू होतो. त्या खंडाच्या आग्नेय भागात व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. तेथील बेंडिगो, डनॉली, बॅलरॅट ह्या गावांच्या आसपास काळ्या, खरबरीत सालीच्या निलगिरीची विरळ राने दूरवर पसरलेली आहेत. हिवाळ्यातल्या सकाळी ह्या रानांत गवतावरचे दहिवर गोठून पांढरे झालेले असते आणि बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघते. अशा वेळी, कानांवर हेडफोन चढवलेला आणि हातात लांब दांडीचे यंत्र धरलेला एखादा मनुष्य तेथे अगदी संथपणे चालताना दिसतो. दांडीच्या टोकाला ताटाएवढी एक चकती असते. ती जमिनीला जवळजवळ टेकवून तो डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवीत असतो. सकाळपासून दुपारपर्यंत त्याने एखाद्या लहानशा शेताएवढी जागा पुरी केली तरी पुष्कळ झाले. त्याचे काहीही हरवलेले नाही. तो सोने शोधीत आहे.

सोने शोधावयास त्याने हेच रान का निवडले, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८५१ मध्ये ह्या प्रदेशात सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि इंग्लंड, आयर्लंड, चीन, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतून माणसांचे लोंढे येथे येऊन थडकले. कुदळ, फावडे आणि पसरट थाळी एवढेच बहुतेकांचे साहित्य. माती थाळीत घ्यावयाची, तीत पाणी घालून ती गोल हिंदकळवावयाची. हलकी माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि जड सोने तळाशी राहते. सराफाच्या दुकानातील केरमाती धुऊन तीतून सोन्याचे कण वेगळे काढणारे झारेकरी आपल्याकडेही होते. त्यांची युक्ती हीच. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड असल्यामुळे ती सहसा चुकत नाही.

परंतु ह्या प्रदेशात पाण्याचा तुटवडा होता. शिवाय येथील सोने नेहमी कणांच्याच रूपात असे असे नाही. कोठे कोठे ते आयत्या गोळ्यांच्या रूपात असे. अशा नैसर्गिक गोळ्याला ‘नगेट’ म्हणतात. चिकणमातीच्या ढेकळात गुरफटलेला असा गोळा घाईगर्दीत कित्येकदा ढेकळासकट बाजूच्या ढिगावर फेकला गेला. कित्येक गोळे दोन खड्ड्यांच्या मधल्या, कोणी न खणलेल्या हातभर पट्टीत तसेच राहिले. सोन्याला गंज चढत नाही. तेव्हा जे राहिले ते जसेच्या तसे राहिले.

हे गोळे केवढे असू शकतात? १८६९ च्या फेब्रुवारीत मोलियागुल ह्या खेड्याजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स हे दोघे एका झाडाच्या मुळाशी खणीत होते. जमिनीखाली जेमतेम ३ सेंटिमीटरवर डीसनची कुदळ कशावर तरी आदळली. तो एवढा मोठा गोळा निघाला, की डनॉलीच्या बँकेतील तराजूत तो मावेना. लोहाराच्या ऐरणीवर फोडून त्याचे तुकडे करावे लागले. त्यात सुमारे ७२ किलोग्रॅम शुद्ध सोने भरले. फोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेण्याचे कोणाला सुचले नाही, ही खेदाचीच गोष्ट. आज त्याच्या केवळ प्रतिकृती पाहावयास मिळतात.

आता त्या चकतीकडे वळू. चकतीच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून विजेचा प्रवाह अत्यंत अल्प काळ सोडून एकदम तोडतात आणि हे दर सेकंदाला शेकडो, कधी हजारो वेळा घडते. प्रत्येक वेळी जमिनीत चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व नाहीसे होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत वीज उत्पन्न होते, हा शोध मायकेल फॅरडे ह्याने १८३१ मध्ये लावला. तेच येथे घडते. मातीत धातूचा तुकडा असला, तर त्यात विजेचे सूक्ष्म भोवरे फिरू लागतात. देवळातील घंटेवर टोल दिला, की टोल थांबल्यावरही तिचा नाद क्षणभर घुमत राहतो. त्याप्रमाणे वेटोळ्यातील प्रवाह थांबल्यावरही धातूतील हे भोवरे थोडा वेळ टिकतात. हा वेळ एका सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तेवढ्यात वेटोळे त्यांची चाहूल घेते आणि हेडफोनमधील एकसुरी गुणगुण किंचित चढते किंवा उतरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ह्या यंत्राला सोने कळत नाही, धातू कळतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्यावर गोळी झाडण्यात आली, तेव्हा शरीरात रुतलेली गोळी नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल ह्याने असेच एक यंत्र तयार केले होते. यंत्र चांगले होते. पण अध्यक्षांच्या गादीतील पोलादी तारांनी त्याचा गोंधळ उडवला. अध्यक्ष वाचले नाहीत. व्हिक्टोरियाच्या रानात पोलादी तारा नसल्या तरी दीडशे वर्षांचे खिळे, घोड्यांचे नाल, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या आणि डब्यांची झाकणे विपुल आहेत. त्यांत भर म्हणजे तेथील लाल मातीतच लोहयुक्त खडे असतात आणि तेही यंत्राला साद देतात. म्हणून शोधक प्रथम स्वच्छ जमिनीवर चकती वरखाली करून, मातीचा स्वतःचा आवाज दबेपर्यंत यंत्र जुळवून घेतो. मगच काम सुरू होते.

ह्या कामाला हिवाळाच का? उन्हाळ्यात येथील पारा कधी कधी चाळिसाच्या वर जातो, माती विटेसारखी कडक होते, रानाला वणवे लागतात आणि विषारी साप सर्वत्र फिरत असतात. हिवाळ्यात साप बिळात निपचित पडून राहतात आणि पावसाने भिजलेली माती कुदळीला सहज वश होते. मात्र ओलीचा त्रासही आहे. जेथे मातीत क्षार असतात तेथे ते पाण्यात विरघळून वीज वाहू लागतात आणि यंत्र विनाकारण कुरकुरते. चिखल बुटांना आणि चकतीला थापला जातो तो वेगळाच. तथापि मोठी सर येऊन गेली, की काही अनुभवी माणसे यंत्र घरीच ठेवून बाहेर पडतात. पावसाने धूळ धुऊन निघालेली असते. खडकाळ उतारावर सूर्याकडे तोंड करून सावकाश चालले, तर एखादा पिवळा कण नुसत्या डोळ्यांनाच दिसून जातो.

आवाज आला म्हणजे काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. प्रथम कुदळीने वरची माती ओढतात. कुदळीच्या पाठीवर लोहचुंबक बसवलेला असतो. खिळा असेल तर तो आपण होऊन चिकटतो आणि शोध तेथेच संपतो. तसे झाले नाही आणि आवाज अधिक खोलातून येत राहिला, तर आणखी खणतात. आवाज खड्ड्यातून बाहेरच्या मातीत आला, की ती माती प्लॅस्टिकच्या डबीत भरून चकतीवरून फिरवतात. आवाज आला, तर निम्मी माती ओतून द्यावयाची आणि उरलेली पुन्हा फिरवावयाची. असे करीत करीत शेवटी तळहातावर चिमूटभर माती राहते. ती चोळून पाहिली, की बहुधा शिशाचा करडा मणी निघतो. दहा वेळा, वीस वेळा शिसेच निघते. कंटाळून पुढचा बारीक आवाज तसाच सोडून देण्याचा मोह येथे होतो आणि जुने शोधक नवशिक्याला ह्याच मोहापासून सावध करतात. कारण शिशाचा आवाज आणि सोन्याचा आवाज ह्यांत कानाला खात्रीचा भेद करता येत नाही.

सोने न मिळाल्याने काही बिघडत नाही. पण ह्या रानात जीव जाण्याचाही संभव असतो. जुन्या खाणकऱ्यांनी खणलेल्या विहिरीसारख्या उभ्या खाणी येथे हजारोंनी आहेत. कित्येकांच्या तोंडावर गवत व पालापाचोळा साचला आहे, कित्येकांवरील लाकडी फळ्या कुजून गेल्या आहेत. पावसाने काठ भुसभुशीत होतो आणि तो माणसाच्या वजनाने ढासळू शकतो. शोधकाचे कान हेडफोनमध्ये आणि डोळे चकतीवर. सगळी झाडे सारखी, त्यामुळे दिशाही चुकते. म्हणून शहाणा शोधक एकटा जात नाही, होकायंत्र जवळ बाळगतो आणि कोठे जात आहे व केव्हा परतणार हे घरी सांगून निघतो.

त्याच्या खिशात एक सरकारी हक्कपत्रही असते. त्यालाही इतिहास आहे. आरंभी प्रत्येक खाणकऱ्याला, सोने मिळो वा न मिळो, दरमहा ३० शिलिंग मोजून परवाना घ्यावा लागे. पुढे परवान्याच्या फीत बदल झाले, पण शिपायांची जुलमी तपासणी थांबली नाही. १८५४ च्या डिसेंबरात बॅलरॅट येथे खाणकऱ्यांनी युरेका नावाच्या जागी कुंपण उभारून सैन्याशी सामना दिला; वीसहून अधिक खाणकरी मारले गेले. पुढच्याच वर्षी परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचे हक्कपत्र आले. आजच्या हक्कपत्राने सापडलेले सोने शोधकाचे होते. मात्र त्याने केवळ हातातली अवजारे वापरली पाहिजेत, तेथील मूळ रहिवाशांच्या जुन्या खुणांना धक्का लावता कामा नये आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवला पाहिजे.

१९८० च्या सप्टेंबरात, हिवाळा नुकताच सरला असताना, किंगाउअर गावाजवळ एका माणसाचे यंत्र असेच वाजले. शतकाहून अधिक काळ लोक त्या परिसरात खणीत होते. त्याने सुमारे फूटभर माती काढली, तो २७ किलोग्रॅमचा सोन्याचा गोळा जमिनीत उभा दिसला! ‘हँड ऑफ फेथ’ ह्या नावाने तो प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील लास व्हेगास येथे दहा लाखांहून अधिक डॉलरना विकला गेला. यंत्राने सापडलेला एवढा मोठा गोळा जगात दुसरा नाही, असे मानतात.

इतरांच्या वाट्याला यापेक्षा पुष्कळ कमी येते. हिवाळ्यातला दिवस लहान. पाचच्या सुमारास ऊन कलते आणि दहिवर पुन्हा पडू लागते. तो मनुष्य शेवटचा खड्डा पायाने दाबून बुजवतो आणि गाडीशी येऊन खिसा रिकामा करतो. तीन खिळे, सात शिशाच्या गोळ्या, पितळेचे एक बटण. एका लहान बाटलीत तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा कण आहे. तो अर्धा ग्रॅमही भरणार नाही. बाटली उजेडात धरून तो ती एकदा हलवतो. कण काचेवर टणकन वाजतो.